गणपती मोबाईलवर आला, पण पाण्याचा हिशोब कोण मांडणार?

जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

गेल्या गणपतीत रामवाडीला हायवेच्या कडेला एक फ्लेक्स लागला होता. कुणाचा ते लिहीत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलाय. वर मोठ्या अक्षरांत 'पर्यावरणपूरक गणेशोत्सव साजरा करूया', खाली नेतेमंडळींचे फोटो मानाप्रमाणे लहान-मोठे, आणि मधोमध बाप्पा. बाप्पा एआयकडून काढून घेतलेला. एका हाताला सहा बोटं, मोदक तळहातापासून वितभर वर हवेत, आणि उंदराला शेपूट नाही. हे सगळं छापलेलं फ्लेक्सवर, म्हणजे पीव्हीसीवर. ते पुढे गोठ्याच्या छपरावर किंवा पेंढ्याच्या उडवीवर जातं आणि एक-दोन पावसाळ्यांनी चिंध्या होऊन ओढ्यात.

आणि हे पेणमध्ये! जिथे अर्ध्या तालुक्याचं पोट बाप्पाच्या बोटांवर चालतं तिथे.

फ्लेक्सचं सोडा, तो उतरलाही. त्याच्यामागचा समज मात्र मला तेव्हापासून टोचतोय. एखादी गोष्ट कम्प्युटरवर झाली, मोबाईलवर झाली की ती आपोआप स्वच्छ होते, असा तो समज. कागद वाचला म्हणजे झाड वाचलं, ऑनलाइन दर्शन झालं म्हणजे नदी वाचली. पर्यावरण आणि डिजिटल हे दोन शब्द हल्ली जोडीनेच येतात, लग्नपत्रिकेतल्या चि. आणि चि.सौ.कां.सारखे. प्रत्यक्ष संसार कसा चाललाय हे कुणी बघत नाही.

हा संसार बघायचा तर पेण-हमरापूरसारखी जागा नाही. 'कला, तंत्रज्ञान आणि शाश्वत विकास' असल्या नावाचे परिसंवाद मोठ्या शहरांत एसी हॉलमध्ये होतात. आपल्याकडे तोच विषय पत्र्याच्या शेडमध्ये, अंगावर पांढरी भुकटी घेऊन रोज उभा असतो. फक्त आपण त्याला विषय म्हणत नाही, धंदा म्हणतो.

पेणच्या मूर्तीचा इतिहास हा तंत्राचाच इतिहास आहे. आधी हातावर घडवलेली मातीची मूर्ती. मग साचा आला. मग प्लास्टर ऑफ पॅरिस आलं. रबराचा साचा आला तशी सोंडेखालची, बोटांच्या बेचक्यातली बारीक नक्षीसुद्धा एका ओतात उतरायला लागली. मग कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आली, ब्रशचं निम्मं काम गेलं. प्रत्येक वेळी जुन्या लोकांनी नाक मुरडलं आणि प्रत्येक वेळी धंदा वाढला. हमरापूर, जोहे, कळवे, दादर, तांबडशेत या गावांत भातशेती आणि मिठागरांवर भागत नव्हतं, तेव्हा याच साच्यांनी घरं उभी केली. बायांना गाव न सोडता काम मिळालं. कच्च्या मूर्ती ट्रक भरभरून मुंबई, पुणे, गुजरात, आंध्रपर्यंत जातात. परदेशातल्या मंडळांच्या मूर्ती तर उन्हाळ्याआधीच कंटेनरमध्ये बसून न्हावा-शेव्याहून निघतात. हे सगळं प्लास्टरने शक्य केलं, हे आधी मान्य करू. एसीत बसून पीओपीवाल्यांना शिव्या घालणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

मशीनला अजून न जमलेली एकच गोष्ट, आखणी. डोळे. पेणचा गणपती जगात कुठेही ओळखू येतो तो डोळ्यांवरून. आखणीचा माणूस श्वास रोखून ब्रश टेकवतो तेव्हा शेडमधला रेडिओसुद्धा हळू करतात. असो, त्यावर पुन्हा कधीतरी.

तर आता डिजिटल आलंय. कसं आलंय ते बघा. पहिल्यांदा आला व्हॉट्सॲप कॅटलॉग. त्याने चांगलंच झालं, मधला दलाल थोडा मागे सरला. मग आली कम्प्युटरवरची मूळ मूर्ती. पूर्वी नवीन मॉडेल काढायचं म्हणजे शिल्पकाराने मातीत आठवडेच्या आठवडे खपायचं. आता सॉफ्टवेअरमध्ये मूर्ती घडवतात, थ्रीडी प्रिंटरवर तुकड्या-तुकड्यांत काढतात, जोडून घासतात आणि त्यावरून रबराचा साचा घेतात. मंडळांच्या मोठ्या देखाव्यांसाठी थर्माकोलचे ठोकळे कम्प्युटरच्या हुकमावर कापणारी मशिनं आहेत. आणि आता एआय. गिऱ्हाईक मोबाईलवर चित्र घेऊन येतं.

हमरापूरला एका कारखानदाराशी बोलत होतो. तो म्हणाला, "दादा, पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं तुमच्याकडं काय काय हाय. आता मोबाईल पुढं करतो न् विचारतो, हे बनवून देणार काय? त्या चित्रातला बाप्पा उभाच राहू शकत नाय. वजन कुठल्या पायावर टाकलंय तेच कळत नाय. मी नाय म्हटलं तर बाजूच्या शेडमध्ये जातो."

वजन कुठल्या पायावर टाकलंय! पंचवीस वर्षं माती-प्लास्टरशी झगडलेल्या माणसाने एआयच्या चित्रकलेवर केलेली यापेक्षा चांगली टीका मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही.

पण माझा मुद्दा चित्र चांगलं की वाईट हा नाही. मुद्दा असा की आतापर्यंत आपल्याकडे आलेलं प्रत्येक डिजिटल साधन एकाच कामाला जुंपलं गेलं: आणखी नग, आणखी लवकर, आणखी उंच. मूळ मूर्ती स्वस्त झाली म्हणून मॉडेलं वाढली. मॉडेलं वाढली म्हणून गिऱ्हाइकाची हौस वाढली. दुसऱ्याची मूर्ती मोबाईलने स्कॅन करून तिचा साचा पाडणंही सोपं झालं, त्यामुळे नवीन मॉडेलची कमाई एका मोसमापुरती. मग पुढच्या मोसमाला पुन्हा नवीन. आणि नगांचा शेवट कुठे होतो? पाण्यात.

आता पाण्याचं बघू, कारण कोर्टकचेऱ्या तिथूनच सुरू झाल्या. प्लास्टर म्हणजे जिप्सम नावाचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजून त्यातलं पाणी काढून केलेली पूड. आपण त्यात पाणी घालतो तेव्हा तिचा पुन्हा जिप्सम होतो, म्हणून ती घट्ट बसते. जिप्सम पाण्यात विरघळतो तो एका लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणून मूर्ती तळाशी पडून राहते आणि दुसऱ्या दिवशी भरती-ओहोटीबरोबर हात-पाय किनाऱ्याला लागतात. वर रंगांचा थर वेगळाच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाचे नियम २०१० मध्ये केले आणि १२ मे २०२० ला सुधारित नियमांत पीओपीला बंदी घातली. तेव्हा कोरोना होता. मग मुदतवाढी झाल्या, निवडणुका झाल्या, मोर्चे झाले. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की नियम काटेकोर पाळा. त्याच माघी गणपतीत कांदिवली-चारकोपच्या मोठ्या मूर्ती विसर्जनाविना राहिल्या, जवळपास सहा महिने पडद्याआड झाकून ठेवाव्या लागल्या. पेणमध्ये तेव्हा काय वातावरण होतं ते सांगायला नको, शेडच्या शेडमध्ये माल भरलेला आणि फोन बंद. मग राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून अभ्यास करून घेतला, केंद्रीय मंडळाने भूमिका सैल केली, आणि ९ जून २०२५ ला कोर्टाने मूर्ती बनवायला-विकायला मोकळीक दिली. विसर्जन मात्र नैसर्गिक पाण्यात नाही. २४ जुलैला आणखी स्पष्ट झालं: सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच, त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत सवलत.

म्हणजे ती सवलत मार्च २०२६ पुरतीच होती. आज जो कारखानदार साचा भरतोय तो अंदाजावर भरतोय. त्याच्या कर्जाचा हप्ता मात्र अंदाजावर चालत नाही.

या सगळ्या भांडणात एक बाजू म्हणते शाडू, दुसरी म्हणते पीओपी. मला दोन्ही बाजूंना एक गोष्ट सांगायचीय. शाडू काही भोगावतीच्या काठावर मिळत नाही. तो गुजरातमधून, भावनगर-पोरबंदरच्या बाजूने ट्रकने येतो. तिथे तो खाणीतून काढतात, एकदा काढला की संपला. आपण तो नदीत सोडतो, तिथे गाळ होतो. ज्याला पार्थिव पूजन म्हणतात त्यात आपल्याच अंगणातली, शेताच्या बांधावरची माती अपेक्षित होती. पूजा झाली की ती माती जिथली तिथे. सातशे किलोमीटरवरून आणलेली माती 'इको फ्रेंडली' म्हणून विकताना हे जरा आठवावं.

म्हणून मला पुण्याचं 'पुनरावर्तन' फार आवडलं. इकोएक्झिस्ट आणि तिथल्या इतर संस्थांनी मिळून विसर्जन झालेल्या शाडूची माती गोळा करायची, ती मूर्तिकारांना परत द्यायची, असं काम चालवलंय. शाडू कितीही वेळा भिजवा, पुन्हा मळता येतो. तीच माती पुढच्या वर्षी पुन्हा बाप्पा. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो त्याचा यापेक्षा सरळ अर्थ तो काय असणार? पीओपीसाठीही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उपाय काढलेला आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती ठेवली की खडूसारखा चुना तळाशी बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, जे खत म्हणून चालतं. पुणे महापालिकेने ते वापरलंही. आपल्याकडे कृत्रिम तलाव म्हणजे खड्डा, ताडपत्री आणि टँकर. तिसऱ्या दिवशी त्यातलं पाणी कुठे जातं?

काही हुशार तरुण मला सांगतात, "सर, उगाच माती-प्लास्टर कशाला, डायरेक्ट थ्रीडी प्रिंट करू, मक्यापासून बनलेलं प्लास्टिक असतं, विघटन होतं." होतं, पण कुठे? ते पीएलए नावाचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास तापमान टिकवणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पात कुजतं. भोगावतीच्या पाण्यात ते नुसतं बसून राहील, प्लास्टरसारखंच. प्रिंटर मातीचाही असतो, हे मात्र खरं. इटलीत २०२१ मध्ये वास्तुविशारद मारिओ कुचिनेला आणि वास्प नावाच्या कंपनीने जागेवरच्या मातीतून आख्खं घर प्रिंट केलं, 'टेक्ला' त्याचं नाव. साधन तेच, पण कुठली माती आणि कशासाठी हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

जगात या बाबतीत डोकं लावणारे कलाकार आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे, म्हणून दोन-तीन उदाहरणं सांगतो. २०१८ मध्ये केट क्रॉफर्ड आणि व्लादान योलर या दोघांनी एक भलामोठा नकाशा काढला. 'अलेक्सा, लाईट लाव' म्हटल्यावर जी डबी लाईट लावते ना, तिच्यामागे किती खाणी, किती जहाजं, किती मजूर, किती वीज आणि शेवटी किती कचरा असतो, याचा नकाशा. कलादालनांत लावलेला, पण वाचायचा तलाठ्याच्या सातबाऱ्यासारखा, ओळ न् ओळ. दुसरं उदाहरण 'सोलर प्रोटोकॉल'. टेगा ब्रेन, अ‍ॅलेक्स नॅथनसन आणि बेनेडेट्टा पियांतेला यांनी केलेलं. वेगवेगळ्या देशांत सौरपॅनेलवर चालणारे छोटे सर्व्हर, आणि ज्या सर्व्हरवर त्या वेळी ऊन जास्त तिथून वेबसाइट उघडते. ऊन नसेल तर थोडं थांबायचं. आपल्या आजीने पापड वाळत घालताना हेच केलं होतं, पण इंटरनेटवर हे करणं म्हणजे धाडस आहे.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं. मार्च २०२१ मध्ये बीपल नावाच्या अमेरिकन कलाकाराचं फक्त डिजिटल असलेलं चित्र ६ कोटी ९३ लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, कागद नाही, रंग नाही, कॅनव्हास नाही, शुद्ध कला! पण मेमो अक्तेनसारख्या कलाकारांनीच त्याच्याआधी हिशोब मांडला होता की ज्या व्यवस्थेवर ही खरेदी-विक्री चालते ती किती वीज खाते. बरेच कलाकार हादरले, काहींनी विक्री थांबवली. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धतच बदलली आणि त्याची विजेची भूक ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. म्हणजे हिशोब मांडला, ओरड झाली, तर बदल होतो. हिशोबच मांडला नाही तर फ्लेक्स लागतो.

आता हा हिशोब आपल्या दारात आणू.

आपले फोटो, रील, कॅटलॉग, एआयचे बाप्पा हे सगळं 'क्लाउड'वर असतं म्हणतात. पण हा ढग आकाशात नसतो. त्याला भिंती असतात, गेट असतं, वॉचमन असतो. पनवेलजवळ योट्टाचं मोठं डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात तर एकामागोमाग इमारती उठल्या. जगभरच्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त होईल असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आपल्या राज्यात वीज अजून मुख्यतः कोळशावर होते. धूर चंद्रपूरला निघतो म्हणून तो पेणच्या मोबाईलमध्ये दिसत नाही, एवढंच.

मशिनं तापतात, ती थंड करावी लागतात. पाण्याने थंड केली तर पाणी जातं, हवेने केली तर वीज जास्त जाते. फुकट काहीच नाही.

आणि पाणी म्हटलं की पेणच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हेटवणे धरण आपल्या तालुक्यात. त्याचं पाणी सिडकोच्या पाइपाने रोज पंधरा कोटी लिटरच्या आसपास नवी मुंबईच्या बाजूला जातं, आणि ते सत्तावीस कोटी लिटरपर्यंत वाढवायचं काम चाललंय. आणि खारेपाटात? वाशी, वढाव, शिर्की भागातल्या बाया मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. याच्या बातम्या मी इतक्या वेळा दिल्यात की फोटोसुद्धा मागच्या वर्षीचाच चालेल. तिकडे उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं 'तिसऱ्या मुंबई'च्या नकाशात गेली आहेत, हरकतींचे गठ्ठे पडलेत. नवीन शहर म्हटलं की नवीन इमारती, नवीन डेटा सेंटरं आणि पुन्हा पाणी.

डेटा सेंटर नकोच, असं माझं म्हणणं नाही. हीच पोस्ट कुठल्यातरी सर्व्हरवर बसणार आहे. पण मूर्तिकाराला तू कुठली माती वापरलीस, किती फूट केलीस, कुठे बुडवलीस हे कोर्ट विचारतं, प्रदूषण मंडळ विचारतं, नगरपालिका विचारते. विचारायलाच हवं. मग ज्या इमारतीत लाखो लोकांचे बाप्पाचे फोटो साठवलेत, तिला तू रोज किती पाणी घेतेस, किती वीज घेतेस, हे जिल्ह्याने का विचारू नये? जमीन आणि पाणी मंजूर करतानाच अट घाला की हे आकडे वर्षातून एकदा मराठीत, ग्रामसभेला समजतील असे जाहीर करायचे. एका पानाचं काम आहे.

आणि मोबाईल-कम्प्युटरचा कचरा? २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर प्रक्रियेला गेला नाही. आपल्याकडे तो भंगारवाल्याच्या टेम्पोतून जातो. प्रिंटरचं बंद पडलेलं हेड, फुगलेली बॅटरी, उरलेलं रेझिन, सगळं एका गोणीत.

मग कारखानदाराने काय करायचं? डिजिटल सोडून द्यायचं? अजिबात नाही. उलट जे काम डिजिटलला खरंच चांगलं जमतं ते आपण त्याच्याकडून घेतलेलंच नाही. ते काम म्हणजे आधी कळणं.

शाडूचं दुखणं काय असतं ते कारखान्यात विचारा. माती मळायची, साच्यात थापायची, काढायची, हात-सोंड जोडायची आणि सावलीत हळूहळू सुकवायची. घाईने उन्हात ठेवली की तडा. चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते, मूर्ती छान सुकते. पण ऑर्डर येते आषाढात! तेव्हा बाहेर मुसळधार, आत दमट, मूर्तीखाली बल्ब लावून, पंखे लावून सुकवायची, तरी हात लावला की ओली. मग कारखानदार म्हणतो, मरू दे ते, प्लास्टर ओता. शाडूचा खरा शत्रू पाऊस नाही, उशिरा आलेली ऑर्डर आहे.

आता घरचा गणपती कधी अचानक येत नाही. तारीख पंचांगात छापलेली असते. उंची घरात ठरलेली असते, रूप बहुतेक ठरलेलं असतं. मग अक्षय्य तृतीयेला बुकिंग का होऊ नये? पेण-हमरापूरच्या मूर्तिकार संघटनांनी मिळून एक साधी यादी करायची. भारी ॲप नको, फोनवर भरायचा फॉर्म पुरे. कुणाला किती इंचाची, शाडू की कागदाच्या लगद्याची, कधी हवी. कारखानदाराला वैशाखात आकडा कळला की तो तेवढीच माती मागवेल, तेवढ्याच मूर्ती थापेल, कोरड्या हवेत सुकवेल. उरलेल्या मालाचा बोजा नाही, कर्ज कमी, पाण्यात जाणारं कमी. मूर्तीला नंबर दिला तर विसर्जनानंतर माती परत आणणाऱ्याला पुढच्या वर्षी सवलतही देता येईल.

अडचण मला माहीत आहे. आगाऊ पैसे. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बंद पडली त्या जखमा अजून भरलेल्या नाहीत, 'आधी पैसे भरा' म्हटलं की आपल्याकडचा माणूस दोन पावलं मागे सरतो. पण पूर्ण पैसे नकोतच. एक छोटा विसार, पावती, बाकी मूर्ती नेताना. गिऱ्हाइकाचं नाव ओळखीचं आणि कारखानदाराचं दुकान माहीत असलेलं, एवढा भरवसा तालुक्यात अजून शिल्लक आहे.

कारखानदार दुसरी अडचण सांगतात ती जास्त खरी आहे. परदेशी आणि परराज्यातला माल शाडूत जाऊ शकत नाही, वाटेत फुटतो, वजन जास्त. बरोबर. म्हणूनच एका दिवसात सगळं शाडू करा असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. घरगुती, सहा-बारा इंची, जवळच्या बाजारातल्या मूर्तीपासून सुरुवात होऊ शकते. आणि ज्या शहरांना पीओपीच हवा आहे त्या महापालिकांनी विसर्जनानंतरच्या प्रक्रियेचा खर्च उचलावा. मूर्ती पेणची म्हणून पाप पेणचं, असं नसतं.

आणखी एक काम आहे, आणि त्यात खर्च कमी, घाई जास्त. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले कलाकार पराग तांडेल आणि कादंबरी कोळी यांनी 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' नावाने कोळी समाजाच्या वस्तू, आठवणी, ज्ञान जपायचं काम सुरू केलंय. पेणमध्ये देवधरांसारख्या जुन्या घराण्यांपासून किती हातांनी मूळ मूर्ती घडवल्या! ते साचे माळ्यांवर पडून झिजतायत, काही फुटले, काही भंगारात गेले. ज्या स्कॅनरने दुसऱ्याचं मॉडेल चोरता येतं त्याच स्कॅनरने आपल्या आजोबांचं मॉडेल जपता येतं, करणाऱ्याच्या नावासकट. गावात शिकणाऱ्या पोरांना मोबाईल हातात आहेच. अशा कामातून पाण्यात काही जात नाही, आणि उद्या एआयवाल्यांनी विचारलं की पेणचा गणपती कसा असतो, तर उत्तर आपल्याकडे असेल. वजन कुठल्या पायावर टाकायचं त्याच्यासकट.

२०२६ मध्ये एक जमेची बाजू आहे. अधिक ज्येष्ठ आलाय, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला. अधिक महिना १७ मे ते १५ जून, म्हणजे बराचसा पावसाआधीचाच. अक्षय्य तृतीयेपासून धरलं तर जवळपास पाच महिने मिळतात, आणि त्यातला सुकवणीचा काळ नेहमीपेक्षा मोठा. बुकिंगचा प्रयोग करायचा तर असं वर्ष लवकर पुन्हा येणार नाही. संघटनेच्या मंडळींशी मी बोलतोय. पेण शहर, रामवाडी, वडखळ, हमरापूर भागातली पन्नास घरं जरी अक्षय्य तृतीयेला नाव नोंदवायला तयार असतील तर मला फोन करा. यादी मी स्वतः वहीत लिहून घेईन, फॉर्म पुढे होईल.